काँक्रीट स्लीपरची भिंत: बागेतली माती अडवण्यापूर्वी हे समजून घ्या



युट्युबवर किंवा इन्स्टावर ऑस्ट्रेलियातल्या बागांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. लोखंडी खांब उभे करायचे, खांबांच्या खाचेत काँक्रीटच्या लांब पट्ट्या एकावर एक सरकवायच्या, मागे माती भरायची, झाली भिंत तयार! दोन दिवसांत काम खल्लास. या पट्ट्यांना तिकडे ‘काँक्रीट स्लीपर’ म्हणतात.

आपल्याकडे अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये सपाट जागा कमीच. उताराचा प्लॉट घेतला की वरची बाजू खणायची, खालच्या बाजूला भराव टाकायचा आणि सपाट बाग तयार करायची, हे सगळीकडे चालू आहे. भराव अडवायला भिंत लागते. मग कोणीतरी सुचवतं, “ती रेडिमेड कंपाउंड मिळते ना, तीच लावून टाक. दिसायला सेम.”

दिसायला सेम असते हे खरं, पण काम सेम नाही. हा फरक काय, स्लीपरची भिंत कधी चालते, कधी अजिबात चालत नाही आणि आधीच बांधलेल्या भिंतीवर फोनने लक्ष कसं ठेवायचं, हे या लेखात पाहूया.

स्लीपर म्हणजे नेमकं काय?

या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू येतात आणि बाजारात सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

१) रेल्वेचा स्लीपर. रुळाखाली आडवा असतो तो. ब्रॉडगेजचा काँक्रीट स्लीपर सुमारे पावणेतीन मीटर लांब आणि अडीचशे किलोपेक्षा जड असतो. आत ताणून धरलेल्या पोलादी तारा असतात. याला प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट म्हणतात.

२) बागेचा काँक्रीट स्लीपर. हा रेल्वेचा नाहीच. पूर्वी परदेशात बागेतली माती अडवायला रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर वापरायचे. लाकूड कुजतं, वाळवी लागते, म्हणून त्याच आकाराच्या काँक्रीटच्या पट्ट्या बनवायला सुरुवात झाली आणि जुनं नाव तसंच राहिलं. साधारण २ मीटर लांब, २०० मिलीमीटर उंच आणि ७५ ते १०० मिलीमीटर जाड. आत लोखंडी सळ्या. हा मुळात माती अडवण्यासाठीच डिझाइन केलेला असतो.

३) आपली रेडिमेड कंपाउंडची पाटी. काँक्रीटचा खांब, त्याला दोन्ही बाजूंना खाच आणि खाचेत बसणाऱ्या साधारण ५० मिलीमीटर जाडीच्या पाट्या. हिचं काम हद्द दाखवणं, गुरं-ढोरं आत येऊ न देणं आणि वाऱ्यात उभं राहणं. माती अडवणं हे तिच्या कामाच्या यादीत नाही.

इंजिनिअरच्या भाषेत नंबर २ ची भिंत म्हणजे रिटेनिंग वॉल. सरकारी कागदावर हिला ‘संरक्षक भिंत’ म्हणतात. नंबर ३ म्हणजे कुंपण. हा फरक लक्षात राहिला तरी अर्धं काम झालं.

माती भिंतीला किती ढकलते?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी बऱ्याच ब्रँचना मेकॅनिक्स असतो. तेवढं आणि एक सूत्र माहीत असलं की अंदाज घेता येतो. फोनचा कॅल्क्युलेटर उघडा.

कोरडी, सुटी माती घनमीटरला साधारण १८०० किलो भरते. ती स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश इतका दाब आडवा देते. हा दाब वरच्या टोकाला शून्य आणि तळाशी सगळ्यात जास्त असतो. म्हणून एक मीटर लांबीच्या भिंतीवर एकूण ढकल अशी निघते:

½ × ⅓ × १८०० × उंची × उंची

यातून मिळणारे आकडे:

- १ मीटर उंच भिंत: ३०० किलो
- २ मीटर उंच भिंत: १२०० किलो

उंची दुप्पट झाली की ढकल चौपट होते. पण भिंत उलथून टाकायची मातीची ताकद आठपट होते, कारण ढकल चौपट झाली आणि ती जमिनीपासून दुप्पट उंचीवर लागते. म्हणूनच तीन फुटांची भिंत टिकली म्हणून तशीच सहा फुटांची बांधली तरी चालेल, हे गणित चुकतं.

आता कुंपणाच्या भिंतीवर काय येतं ते पाहू. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. ताशी १२० किलोमीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ७० किलो होतो. म्हणजे २ मीटर उंच कुंपणावर लांबीच्या दर मीटरला १४० किलोच्या आसपास. तेवढ्याच उंचीची कोरडी माती १२०० किलोने ढकलते, आणि वारा काही तासांत जातो, माती चोवीस तास, बारा महिने तिथेच असते.

निसर्ग वादळात उभी राहिलेली कंपाउंड माती अडवेलच, असं म्हणता येत नाही ते यामुळे.

खरा व्हिलन: अडलेलं पाणी

वरचे आकडे कोरड्या मातीचे आहेत. आपल्या किनाऱ्यावर वर्षाला २००० मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत.

भिंतीमागे पाणी साठलं आणि त्याला बाहेर जायला वाट नसली तर काय होतं? माती स्वतःच्या वजनाचा एक तृतीयांश दाब आडवा देते. पाणी मात्र पूर्ण दाब आडवा देतं, कारण त्याला स्वतःला उभं राहताच येत नाही. पाण्यात बुडालेली माती थोडी हलकी होते, पण त्यात पाण्याची ढकल मिळवली की बेरीज अशी येते:

- १ मीटर उंच भिंत, पाणी निघून जातंय: ३०० किलो
- १ मीटर उंच भिंत, पाणी पूर्ण साठलंय: सुमारे ६७० किलो
- २ मीटर उंच भिंत, पाणी निघून जातंय: १२०० किलो
- २ मीटर उंच भिंत, पाणी पूर्ण साठलंय: सुमारे २६७० किलो

भिंत तीच, माती तीच, फक्त पाण्याची वाट बंद. ढकल दुपटीपेक्षा जास्त! एप्रिलमध्ये भक्कम वाटणारी भिंत जुलैच्या एका रात्री आडवी होते ती अशी. फोनची बॅटरी फुगून मागचं कव्हर उचलते, तेव्हा कव्हर कमकुवत नसतं. आतला दाब बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून ते उचललं जातं. इथेही तेच.

वाडीत हा प्रश्न पावसाळ्यापुरता राहत नाही. नारळी-पोफळीला पाटाने पाणी द्यायची आपली पद्धत. भिंतीच्या वरच्या अंगाला रोज पाणी सोडलं, तर भिंतीमागची माती उन्हाळ्यातही ओलीच राहते.

किनाऱ्यावर अजून एक शत्रू: खारी हवा

काँक्रीटमधलं लोखंड गंजलं की ते फुगतं आणि आतून काँक्रीट फोडतं. समुद्राजवळच्या हवेतलं मीठ हे काम लवकर करतं. म्हणून काँक्रीटच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ४५६:२००० मध्ये, किनारी हवेला उघड्या काँक्रीटसाठी वेगळे नियम आहेत: ग्रेड किमान एम-३०, आणि सळीवर काँक्रीटचं आवरण किमान ४५ मिलीमीटर. थेट समुद्राचे तुषार उडत असतील तर एम-३५ आणि ५० मिलीमीटर.

आता कंपाउंडची पाटी आठवा. जाडी ५० मिलीमीटर. सळी अगदी मधोमध ठेवली तरी दोन्ही बाजूंना २० ते २५ मिलीमीटरच आवरण मिळतं. म्हणजे किनाऱ्यावर दीर्घकाळ भार पेलण्यासाठी ही पाटी जाडीतच नापास होते. कुंपणाची एखादी पाटी तडकली तर बदलता येते. जिच्यामागे चार फूट माती आहे ती पाटी बदलणार कशी?

रेल्वेचे जुने काँक्रीट स्लीपर वापरले तर?

हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो, कारण रायगडात रेल्वेलाइन जवळच आहे. कोकण रेल्वे तर आपल्या रोह्यापासूनच सुरू होते. तीन गोष्टी लक्षात घ्या.

पहिली, कायद्याची. रुळाच्या कडेला पडलेला स्लीपर ‘बेवारस’ नसतो. तो रेल्वेचाच असतो, आणि रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) कायदा, १९६६ नुसार तो घरी ठेवणं गुन्हा आहे. रेल्वे भंगाराचा लिलाव करते. त्यातून आलेला माल असेल तर त्याची कागदपत्रं विकणाऱ्याकडून मागून घ्या आणि जपून ठेवा.

दुसरी, वजनाची. अडीचशे किलोच्या वरचा ठोकळा चार जणांना सुरक्षितपणे हलवता येत नाही. क्रेन किंवा जेसीबी लागतो, आणि वाडीतल्या अरुंद पाखाडीतून तो आत जाईलच असं नाही.

तिसरी, कापण्याची. स्लीपरमधल्या तारा ताणलेल्या असतात. ग्राइंडरने मधोमध कापला की कापलेल्या टोकापाशी तो ताण सुटतो आणि उघड्या तारा खाऱ्या हवेत गंजू लागतात. शिवाय रेल्वेच्या स्लीपरचा आकार सगळीकडे एकसारखा नसतो. त्यामुळे एकावर एक रचले तर ते नीट बसत नाहीत, मध्ये फटी राहतात.

पायवाटेची कड, बागेतली पायरी, बसायचा बाक अशा कामांना असा स्लीपर छान आहे. माती अडवणाऱ्या उंच भिंतीला नाही.

रायगडात माती कशी अडवतात?

आपल्याकडे जुना उपाय आहेच: गडगा. काळा दगड किंवा जांभ्याचा चिरा, सिमेंट न घालता कोरडा रचलेला, तळाला रुंद आणि वर निमुळता. हा स्वतःच्या वजनावर उभा राहतो आणि दगडांच्या फटींतून पाणी आपोआप निघून जातं. वीप होल विसरायचा प्रश्नच नाही, कारण सगळी भिंतच वीप होल आहे!

याचंच आजचं रूप म्हणजे गॅबियन. गॅल्वनाइज्ड तारेच्या जाळीच्या पेट्या करून त्यात दगड भरायचे आणि त्या एकमेकींवर रचायच्या. जमीन थोडी खचली तरी ही भिंत तुटत नाही, वाकून जुळवून घेते.

नेरळ–माथेरानची छोटी रेल्वे १९०७ पासून आहे. २०१९ च्या पावसाळ्यात मार्गाचं मोठं नुकसान झालं आणि नेरळपासूनची गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या कामात रुळाखाली काँक्रीटचे स्लीपर आले आणि उताराची माती धरायला गॅबियनच्या भिंती. रेल्वेच्या हाताशी स्लीपर होते, तरी माती धरायला तिने दगड आणि जाळी निवडली.

कुठे काय वापरायचं?

- दीड-दोन फुटांपर्यंत (वाफे, झाडाभोवतीची कड, पायरी): दगडी गडगा, चिरा किंवा बागेचा स्लीपर. इथे फारसा धोका नाही.
- दोन ते तीन फूट: बागेच्या स्लीपरची भिंत चालते, पण खाली दिलेली पाण्याची व्यवस्था हवीच. नाहीतर गडगा किंवा गॅबियन.
- तीन फुटांच्या वर: स्ट्रक्चरल इंजिनिअरचं डिझाइन घ्या. ऑस्ट्रेलियातही अनेक ठिकाणी १ मीटरच्या वरच्या भिंतीला परवानगी आणि इंजिनिअर लागतो.
- भिंतीच्या वर गाडी उभी राहणार, पाण्याची टाकी किंवा खोली येणार: उंची कितीही असली तरी इंजिनिअर. भरावावर दर चौरस मीटरला १ टन वजन आलं, तर १ मीटर उंच भिंतीवर लांबीच्या दर मीटरला आणखी सुमारे ३३० किलो ढकल वाढते. म्हणजे पुन्हा दुप्पट.
- भिंतीमागे सपाट जागा नसून डोंगर तसाच वर चढत जातो: इंजिनिअर, आणि शक्यतो दुसरी जागा.

उंच भिंतीऐवजी दोन टप्पे करणं हा चांगला पर्याय आहे. पण दोन भिंतींमधलं अंतर खालच्या भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट ठेवा. जवळ बांधल्या तर वरच्या भिंतीचा भार खालचीवर येतो आणि टप्पे केल्याचा फायदा जातो.

बागेच्या स्लीपरची भिंत: स्टेप बाय स्टेप

इथे आपण १ मीटरपर्यंतची भिंत, वर सपाट बाग आणि वर कसलंही जड वजन नाही, असं धरून चाललो आहोत.

१) वेळ निवडा. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत. मे महिन्यात घाईने उरकलेल्या कामात भराव नीट बसायच्या आत पाऊस येतो.

२) खड्डे. खांबाचा खड्डा साधारण ४५० मिलीमीटर रुंद आणि खोली किमान भिंतीच्या उंचीइतकी. १ मीटर भिंत म्हणजे १ मीटर खड्डा. नागाव, आक्षी, दिवेआगरसारख्या पुळणीच्या जमिनीत वाळू खांबाला घट्ट धरत नाही, तिथे खोली वाढवावी लागते. ती इंजिनिअरला विचारून ठरवा.

३) खांब. हॉट-डिप गॅल्वनाइज्ड पोलादी खांब. जिथे कापलं किंवा भोक पाडलं तिथे झिंकचा रंग लावायचा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

४) काँक्रीट. समुद्राची किंवा खाडीची वाळू वापरायची नाही. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर तेही नाही. सळीच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, असं आयएस ४५६ सांगतं. पाण्याची तपासणी लॅबमध्ये होते. नंतर किमान ७ दिवस पाणी मारा, मिश्र सिमेंट (पीपीसी) असेल तर १० दिवस. हे होईपर्यंत भराव टाकायचा नाही.

५) स्लीपर सरकवा. तळाचा स्लीपर जमिनीच्या थोडा खाली बसवा, म्हणजे माती खालून निसटत नाही.

६) पाण्याची वाट. ही स्टेप वगळली तर बाकी सगळं फुकट. भिंतीच्या मागे तळाला भोकं असलेला ४ इंची पाइप, दर १० मीटरला १० सेंटिमीटर उतार देऊन, एका टोकाला बाहेर काढलेला. त्यावर भिंतीलगत ३०० मिलीमीटर रुंदीत २० मिलीमीटरची खडी, जवळपास वरपर्यंत. खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे पाणी जातं पण माती येत नाही. प्लास्टिकचा कागद लावू नका, तो पाणीच अडवतो.

७) भराव. एका वेळी १५० ते २०० मिलीमीटरचा थर, प्रत्येक थर हाताने चोपून. भिंतीला लागून रोलर किंवा जेसीबी फिरवायचा नाही.

८) वरचं पाणी. भिंतीच्या वरच्या अंगाला एक उथळ चर काढा आणि पावसाचं पाणी बाजूने वळवा. घराच्या पत्र्याचं पाणी भिंतीमागे सोडू नका.

काम चालू असताना पाइप, खडी आणि कापड यांचे फोटो काढून ठेवा. भराव झाल्यावर हे काहीच दिसत नाही, आणि कॉन्ट्रॅक्टरने पाइप खरंच टाकला होता का, हे पाच वर्षांनी कळायला तेवढाच पुरावा असतो.

भिंतीच्या खालच्या बाजूला कोण राहतं?

२९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्यात एका सोसायटीची कंपाउंडची भिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जण गेले. त्यानंतर तीनच दिवसांनी, २ जुलैला, मुंबईत मालाडच्या पिंपरीपाड्यात भिंत वस्तीवर पडली, तिथे वीसहून अधिक जण गेले. १८ जुलै २०२१ ला चेंबूरच्या भारतनगरमध्ये पुन्हा तेच. तिन्ही वेळा जोरदार पाऊस, तिन्ही वेळा मध्यरात्रीनंतरची वेळ, आणि तिन्ही वेळा जीव गेला तो भिंतीखाली झोपलेल्यांचा.

या शहरातल्या मोठ्या भिंती होत्या, पण गोष्ट आपल्या वाडीलाही लागू आहे. बाग आणि बंगला वर असतो. राखणदाराची खोली, कामगारांची पत्र्याची शेड, शेजाऱ्याचा गोठा खाली असतो. भिंतीवर पैसे वाचवायचा निर्णय वरचा माणूस घेतो, किंमत खालचा मोजतो. म्हणून भिंत बांधताना पहिला प्रश्न खर्चाचा नको. ‘ही पडली तर कोणावर पडेल?’ हा हवा. भिंतीच्या खालच्या बाजूला, निदान तिच्या उंचीच्या दुप्पट अंतरात, कोणाची झोपायची जागा नसावी.

आधीच बांधलेली भिंत? फोन बाहेर काढा

तुमच्याकडे किंवा शेजारी अशी भिंत असेल तर पावसाळ्यात एवढं करा:

- एकाच जागेवरून फोटो. जमिनीवर एक खूण करा. दर महिन्याच्या १ तारखेला तिथेच उभं राहून त्याच झूमवर फोटो काढा. जूनचा आणि ऑगस्टचा फोटो शेजारी-शेजारी ठेवला की फुगवटा लगेच दिसतो.
- लेव्हल. आयफोनच्या मेजर अ‍ॅपमध्ये लेव्हल आहे, अँड्रॉइडवर बबल लेव्हलची फुकट अ‍ॅप्स मिळतात. कव्हर काढून फोन खांबाला टेकवा आणि कोन लिहून ठेवा. १ मीटर उंचीत १ अंश कलणं म्हणजे वरचं टोक सुमारे १७ मिलीमीटर पुढे येणं. आकडा दर वेळी वाढत असेल तर भिंत सरकतेय. खात्रीसाठी गवंड्याचा ओळंबा सोडून पाहा, तो फोनपेक्षा भरवशाचा.
- तडा. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख टाका. पट्टी ठेवून फोटो काढा.
- वीप होलचा व्हिडिओ. जोरदार पाऊस चालू असताना भिंतीतून पाणी येतंय का, ते लांब उभं राहून शूट करा. पाऊस धो-धो आणि पाइप कोरडा, म्हणजे पाणी आत साठतंय.
- हवामान विभागाचा अंदाज. ‘मौसम’ अ‍ॅपवर जिल्ह्याचा इशारा दिसतो. २४ तासांत २०४.४ मिलीमीटरच्या वर पाऊस म्हणजे ‘अत्यंत मुसळधार’. रेड अलर्ट असेल त्या रात्री भिंतीखालची माणसं आणि गाड्या हलवा.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

- भिंत पुढे कललेली किंवा मधोमध पोट आल्यासारखी दिसते
- वरच्या बागेत भिंतीला समांतर जमीन तडकली आहे
- पाइपमधून गढूळ पाणी आणि माती येते (आतलं कापड फाटलंय, माती वाहून चाललीय)
- खांबाच्या बुंध्याशी जमीन उचलली गेली किंवा फट पडली

अशा वेळी भिंतीला लाकडी टेकू देत बसू नका. टेकू देणारा माणूस नेमका भिंतीखाली असतो. आधी माणसं हलवा, वरून पाणी सोडणं बंद करा, वरचं वजन काढा आणि मग इंजिनिअरला फोटो पाठवा.

आणि एक महत्त्वाची गोष्ट: बागेची भिंत दरड थांबवत नाही. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर आला, ८० हून अधिक माणसं गेली. डोंगरालाच भेगा पडल्या असतील, झाडं कलली असतील, झऱ्याला अचानक गढूळ पाणी येत असेल, तर भिंतीचा विचार सोडा. गाव आणि तहसील कार्यालयाला कळवा आणि बाहेर पडा.

परवानगीचं काय?

समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत आणि खाडीकाठालाही सीआरझेडचे नियम लागू होतात (सध्याची अधिसूचना २०१९ ची). तिथे भराव टाकण्यापूर्वी ग्रामपंचायत आणि तहसील कार्यालयात विचारा. कांदळवनात भराव तर नाहीच नाही. बाहेरून माती-मुरूम आणणार असाल तर गौण खनिजाच्या रॉयल्टीची पावती मागा. भिंत हद्दीवर असेल तर आधी मोजणी करून घ्या. सातबारावर क्षेत्रफळ असतं, हद्द नसते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*कंपाउंडची भिंत आधीच आहे. तिच्यामागे फक्त दोन फूट भराव टाकला तर?*
टाकू नका. भराव अडवायला आतल्या बाजूला थोडं अंतर सोडून वेगळा गडगा रचा आणि कंपाउंड कुंपण म्हणूनच राहू द्या.

*स्लीपरच्या भिंतीवर प्लास्टर किंवा टाइल्स लावू का?*
पट्ट्यांमधल्या फटींतूनही थोडं पाणी झिरपतं. त्या बुजवल्या की सगळा भार पाइपवर येतो. लावायच्याच असतील तर पाण्याच्या वाटा उघड्या ठेवा.

*भिंतीला लागून नारळ लावला तर चालेल का?*
नको. वाऱ्यात झाड हलतं आणि माती सैल होते, शिवाय आळ्यातलं पाणी थेट भिंतीमागे जातं. भिंतीलगत गवत किंवा छोटी झुडपं लावा.

*कॉन्ट्रॅक्टरला नेमकं काय विचारू?*
तीन प्रश्न पुरेत. पाट्या कुंपणाच्या की माती अडवायच्या? खांब जमिनीत किती जाणार? पाणी कुठून बाहेर पडणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बोटाने जागा दाखवून मिळालं नाही, तर काम सुरू करू नका.

तुमच्या ओळखीत कोणी गावाकडे उताराच्या जागेत बाग करत असेल, तर हा लेख त्यांना भराव टाकायच्या आधी पाठवा. काही विचारायचं असेल तर भिंतीची उंची, मागची माती आणि खालच्या बाजूला काय आहे, एवढं लिहून विचारा. म्हणजे नीट उत्तर देता येईल.